कॅम्प नंबर एकचा ताप

१९४९ चा जुलै. पावसाची झड लागली आहे आणि तुम्ही शहाडच्या रुळांवरून उतरून चिखल तुडवत कॅम्प नंबर एककडे निघाला आहात. वाटेत बिर्ला गेट शोधू नका, ते अजून नाही. सेंच्युरी रेयॉनची चिमणीही नाही. आहेत त्या फक्त लांबलचक बराकी: मधे मोठा हॉल, दोन्ही टोकांना खोल्या. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळच्या या माळावर लष्कराने अशा दोन हजारांहून जास्त बराकी बांधल्या. युद्ध संपले तशा त्या ओस पडल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेली लाखाच्या घरातली माणसे पाच कॅम्पांत मिळेल तिथे मावली. गावाला अजून नावदेखील मिळालेले नाही. ते पुढच्या महिन्यात मिळेल, ८ ऑगस्टला राजगोपालाचारींच्या हातून पायाचा दगड बसेल तेव्हा. तोवर हा नुसता कल्याण कॅम्प.

हॉलमध्ये शिरा. गोणपाटाचे आणि जुन्या चादरींचे पडदे टांगून एकेका कुटुंबाने आपापला कोपरा केला आहे. बाहेर ऊन नाही म्हणून पापड खाटेवरच पसरलेत. तिसऱ्या पडद्यामागे नऊ-दहा वर्षांचा मुलगा निपचित पडलाय. तापाचा आज अकरावा दिवस. जीभ मधे पांढरट, कडांना लाल. पोट फुगलेले. अंग भाजत असूनही नाडी मात्र संथ. त्याची आई नळाच्या दिशेने हात करून काहीतरी सांगते. सगळे कळत नाही, पण सिंधीतही पाण्याला पाणीच म्हणतात, त्यामुळे तक्रार कशाची आहे तेवढे समजते. नळ आणि संडास यांच्यात किती पावलांचे अंतर आहे ते तुम्ही येताना पाहिलेच आहे.

तुमचा हात खिशाकडे जातो. खिशात तुमच्या काळातल्या कुठल्याशा मेडिकलमधून आणलेली सेफिक्झिम या अँटिबायोटिकची पट्टी आहे. या प्रवासाला अट एकच: ती बाहेर काढायची नाही. आधी हा ताप कोणाचा ते ओळखायचे.

जुनी माणसे बघताक्षणी सांगतील, मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड. तसा तो असेलही. पण अशा गर्दीत, अशा पावसात हिवताप, टायफस, क्षय, सगळेच ताप घेऊन येतात आणि पहिले काही दिवस एकमेकांचे मुखवटे घालून वावरतात. खात्री हवी तर जंतू पकडून डोळ्यांसमोर वाढवून दाखवावा लागेल. अडचण अशी की टायफॉइडच्या रोग्याच्या एका मिलिलीटर रक्तात हा जंतू जेमतेम एखादा असतो, कधी तोही नाही. आणि मलात शोधायला जावे तर तिथे एका ग्रॅममध्ये अब्जावधी जिवाणूंची जत्रा. वाढू द्या म्हटले की सगळेच वाढणार, आणि जो हवा तो त्यांच्याखाली गाडला जाणार. मग नको असलेल्यांना उपाशी मारील किंवा विष घालील आणि हव्या त्यालाच वाढू देईल असे खाद्य तयार करावे लागते. १९४९ मध्ये ते जगात आहे. या बराकीत नाही, एवढेच. ते आले कुठून हे पाहायचे तर आणखी मागे चला.

रूळ तेच आहेत. आगगाडी कल्याणला १८५४ मध्येच आली. १८९७ च्या जानेवारीत तुम्ही कल्याणहून मुंबईच्या गाडीत बसता तेव्हा डबा जवळपास रिकामा आहे. गर्दी उलट दिशेच्या गाड्यांना आहे, कारण मुंबई सोडून लोक पळताहेत. गेल्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी गाठीचा ताप पाहिला आणि त्याला प्लेग म्हटले. भायखळ्याला उतरून ग्रँट मेडिकल कॉलेजात जा. एक कारकून आणि थोडे शिपाई हाताशी घेऊन वाल्डेमार हाफकिन तिथे ऑक्टोबरपासून काम करताहेत. चाळीशीही न गाठलेला हा माणूस ओडेसाचा, पॅरिसमध्ये पाश्चरच्या संस्थेत तयार झालेला. १० जानेवारीला त्यांनी आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली.

टोचणीपेक्षा मला त्यांच्या चंबूंचे कौतुक जास्त वाटते, म्हणून तुम्हालाही आधी त्यांच्यापुढे उभे करतो. युरोपात जंतूंसाठी रस्सा करतात तो गाईबैलाच्या मांसाचा. ते इथे चालणार नाही हे हाफकिननी ओळखले आणि बोकडाचे मांस हायड्रोक्लोरिक आम्लात पचवून रस्सा केला. त्यावर थेंब सोडले तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे. बघा, पण चंबूला हात लावू नका. तरंगणाऱ्या तुपाच्या थेंबाला खालून प्लेगचे जंतू चिकटतात आणि वाढत वाढत पांढऱ्या धाग्यांसारखे खाली लोंबू लागतात, गुहेच्या छताला चुन्याचे सुळे लोंबतात तसे. जरासा धक्का लागला की सगळे बर्फासारखे तळाशी बसते. मुद्दाम हलवले तर वर नवे पीक येते. आठवडे असे गेले की चंबू तापवून जंतू मारायचे, कार्बोलिक आम्ल घालायचे, आणि ती लस.

तरी हे निवड करणारे खाद्य नव्हे. या रश्श्यात दुसरा कुणी शिरला तर तोही मजेत वाढेल. हाफकिन ओळखतात ते आकारावरून: असे लोंबते धागे दिसले म्हणजे प्लेग, न दिसले तर चंबूत भेसळ. नजर तयार असेल तर एवढ्यावर भागते. पण भेसळीची भीती किती खरी होती ते पाच वर्षांनी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात दिसले. ३० ऑक्टोबर १९०२ ला टोचलेल्या १०७ माणसांपैकी एकाच बाटलीतली लस मिळालेले १९ जण धनुर्वाताने गेले. खापर मुंबईच्या प्रयोगशाळेवर आणि हाफकिनवर फुटले. जंतू बाटलीत शिरले ते ती गावात उघडताना, मुंबईत नव्हे, हे मान्य व्हायला १९०७ उजाडले. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात त्यांची जी प्रयोगशाळा १८९९ मध्ये गेली, तिला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. उशिरा का होईना, सुचले.

आता त्याच १८९७ च्या उन्हाळ्यापर्यंत थांबा, कारण मुंबईत एक जर्मन मंडळ आले आहे आणि त्यात दोन माणसे आपल्या कामाची आहेत. प्रमुख आहेत गेओर्ग गाफ्की. टायफॉइडचा जंतू शरीराबाहेर शुद्ध वाढवून दाखवणारा पहिला माणूस हाच, १८८४ मध्ये. बराकीतल्या त्या मुलाच्या रक्तात जे असावे असा तुम्हाला संशय आहे, ते या गृहस्थाने तेरा वर्षांपूर्वी हातात धरले होते. मागाहून स्वतः रॉबर्ट कॉखही येऊन मिळाले. दुसरा कामाचा माणूस तरुण आहे, आडोल्फ दियुदोने. त्याचे नाव लक्षात ठेवा.

मुंबईच्या मे महिन्यात या लोकांच्या जागी उभे राहून पाहा. जर्मनीत सुरुवातीला जंतू वाढवत ते जिलेटिनवर. इथल्या उकाड्यात जिलेटिनचे पाणी होते. तोडगा निघाला होता पंधरा वर्षांपूर्वी, एका स्वयंपाकघरात. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्टर हेसेची बायको फॅनी जेली लावताना समुद्री शेवाळातून काढलेला अगर वापरायची, कारण जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्यांकडून तिला तो माहीत झाला होता. अगर वितळायला जवळपास उकळते पाणी लागते, आणि एकदा थिजला की अंगाच्या तापमानालाही घट्ट राहतो. आपल्याकडे पुडिंगात घालतात तो चायना ग्रास म्हणजे हाच. जगातल्या प्रत्येक प्रयोगशाळेत आज तो आहे, आणि फॅनी हेसेचे नाव त्यातल्या कुठल्याही बशीवर नाही. बशीवर नाव आहे कॉखच्याच हाताखालच्या पेट्री यांचे, झाकण शोधल्याबद्दल!

दियुदोने मुंबईहून परतला आणि बारा वर्षांनी, १९०९ मध्ये, त्याने पटकीसाठी जे केले ते पाहायला थोडे पुढे या. त्याने बैलाचे रक्त घेतले, त्यात तितकाच दाहक पोटॅशचा द्राव मिसळला, वाफवले आणि अगरमध्ये घातले. इतके क्षारयुक्त खाद्य आतड्यातल्या बहुतेक जंतूंना मानवत नाही. पटकीच्या स्वल्पविरामासारख्या वाकड्या जंतूला मात्र क्षार आवडतो. त्याचे काम नाकारण्याने झाले. चांगले खाऊ घालून नव्हे, बाकीच्यांचे तोंड बंद करून एकाला बोलू द्यायचे. पटकीसाठी आज वापरतात त्या पिवळ्या-हिरव्या टीसीबीएस बशीची रेसिपी १९६३ ची, जपानी, आणि तिच्या मुळाशीही हाच क्षार आहे.

टायफॉइडचे काम इंग्लंडमध्ये आल्फ्रेड मॅकाँकी करत होते. ते सांडपाण्याच्या शाही आयोगासाठी काम करत. गटारात नक्की कोणाची विष्ठा आहे आणि तिच्यात टायफॉइड आहे का, असा सरळ, घाणेरडा प्रश्न. हा प्रश्न पडायला उल्हासनगरच्या माणसाला आयोगाची गरज नाही. मॅकाँकींनी १९०० मध्ये पित्ताचे क्षार घातलेला अगर मांडला आणि १९०५ च्या कृतीत न्यूट्रल रेड नावाचा रंग आणला. पित्त का? कारण आतड्यात राहणाऱ्यांना पित्ताची सवय असते, कातडीवरच्या आणि हवेतल्या पुष्कळांना ते सोसत नाही. टायफॉइडचा जंतू तर पित्ताशयातच वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतो. बशीत साखर दुधातली, लॅक्टोज. आतड्यातला नेहमीचा जंतू ई. कोलाय ती आंबवतो, आम्ल करतो, आणि त्याची वसाहत गुलाबी होते. टायफॉइडवाल्याला लॅक्टोज पचवता येत नाही, म्हणून तो बिनरंगी राहतो. गुलाबी गर्दीत एखादा पाणेरी ठिपका दिसला की तंत्रज्ञ सुई तिथे टेकवतो.

पुढे याच बशीत क्रिस्टल व्हायोलेटही आला. कापड रंगवायला निघालेल्या रंगांत जंतू निवडून मारायची ताकद आहे, हे जांभळ्या रंगाबाबत अमेरिकेतल्या चर्चमननी १९१२ मध्ये दाखवले होते. ब्रिलियंट ग्रीन आला, मॅलाकाइट ग्रीन आला. क्षयाचा जंतू ज्या हिरव्या अंड्याच्या तिरक्या बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढवतात, तो हिरवा मॅलाकाइटचा. वालधुनीचे पाणी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून निघून उल्हासनगरात येईस्तोवर कसे रंग बदलते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रंग जीव घेतात हे पटवून द्यायला नको. बशीत तो मोजून घालतात एवढाच फरक. बेलफास्टच्या विल्सन आणि ब्लेअर यांनी १९२७ मध्ये ब्रिलियंट ग्रीनबरोबर बिस्मथ आणि सल्फाइट घातले. त्यावर टायफॉइडची वसाहत काळी, धातूसारखी चकचकीत उगवते. ती एकदा पाहिली की चुकत नाही.

आता १९४९ मध्ये परत येता तेव्हा तुम्हाला कळलेले असते की या मुलाच्या तापाचे नाव सांगणारी सगळी भांडी जगात मांडून तयार आहेत. इतकेच नव्हे, औषधही निघाले आहे. तेही कसे निघाले पाहा. गेल्याच वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकी डॉक्टरांचा एक गट कुआलालंपूरला क्लोरॅम्फेनिकॉल हे नवे औषध स्क्रब टायफसवर तपासत होता. काही रोगी बरे झाले, आणि रक्ताचे कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून केलेली तपासणी, आल्यावर कळले की त्यांना टायफस नव्हताच, टायफॉइड होता. कल्चर पाठवलेच नसते तर स्क्रब टायफसचे रोगी बरे झाले असे लिहून मंडळी घरी गेली असती, आणि टायफॉइडवरचे पहिले खरे औषध कागदांत दडून राहिले असते. हा किस्सा मला लशींच्या सगळ्या शौर्यकथांपेक्षा मोठा वाटतो. पण औषध अजून या पडद्यापर्यंत पोहोचलेले नाही. आई भाताच्या पेजेचा चमचा मुलाच्या ओठांना लावते. तुम्ही अट पाळता.

पुढची वर्षे भराभर जाऊ द्या. १९७२: केरळात कोझिकोडला टायफॉइडची साथ, आणि क्लोरॅम्फेनिकॉल तिला लागू पडत नाही. सत्तरच्याच दशकात मुंबईत वारके कुटुंबाची हायमीडिया उभी राहते आणि परदेशी डब्यांतली पूड मागवण्याऐवजी मॅकाँकीची पूड इथेच तयार मिळू लागते. जिल्ह्याच्या गावातल्या लॅबमध्ये कल्चर परवडू लागले त्यात या पुडीचा वाटा मोठा आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसे बोलत नाही. २०१६: सिंध. होय, तेच सिंध. हैदराबाद शहरात असा टायफॉइड सापडतो, ज्याला क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमोक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिन तर नाहीच, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनही चालत नाही. तोंडाने घ्यायच्या औषधांत उरते अझिथ्रोमायसिन. ही साथ ओळखली तीही रक्ताच्या कल्चरनेच. कॅम्पातल्या ज्या घरांत सिंधी अजून बोलली जाते, तिथल्या आजोबांचे गाव कदाचित तेच.

हे झाले कसे ते समजायला पुन्हा बशीकडे बघा. तंत्रज्ञ कधी कधी मुद्दाम बशीत अँटिबायोटिक घालतो. गनोरियाचा जंतू शोधताना व्हँकोमायसिन घालतात, म्हणजे बाकीचे मरतात आणि ज्याला त्याचे काही वाटत नाही तो एकटा फोफावतो. ताप आला की मेडिकलमधून चार गोळ्या आणायच्या, दोन दिवसांत बरे वाटले की बंद करायच्या, उरलेल्या शेजाऱ्याला द्यायच्या, हे आपण करतो तेव्हा आपल्या आतड्याची तीच बशी होते. गटाराचीही. आपण निवड करतोच, फक्त उलटी: मरण्याजोगे मरतात, न मरणारे पुढे जातात. २०१४ पासून अशा बऱ्याच अँटिबायोटिकांना एच-१ सूचीचा नियम आहे, दुकानदाराने चिठ्ठी पाहून वहीत नोंद करायची. वही किती भरते ते ज्याने त्याने आपल्या नाक्यावर पाहावे.

पुढचा टप्पा २०१८ च्या पावसाळ्यात. नवी मुंबई महापालिका नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांना टायफॉइडची नवी कॉन्ज्युगेट लस सरकारी मोहिमेतून देते आहे. देशात असे पहिल्यांदाच घडते आहे आणि लाखाहून जास्त मुले रांगेत उभी राहून जातात. लशीने फरक पडला का हे मोजायला पुन्हा ताप आलेल्या मुलांचे रक्त बाटलीत घ्यावे लागते. लशीचा हिशेबही कल्चरशिवाय लागत नाही.

आणि आता कॅम्प एक, आजचा. गोल मैदानाच्या बाजूच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर लॅब. ऑटोक्लेव्हची शिट्टी, १२१ अंश, पंधरा मिनिटे. अगरचा वास उकडलेल्या डाळीसारखा. सकाळच्या बश्या इन्क्युबेटरमधून बाहेर आल्यात आणि एक मुलगी लूप ज्योतीत लाल करून गार होऊ देते, मग एका ठिपक्याला लावून नव्या बशीवर नागमोडी ओढते. तिच्या शेजारी रक्ताच्या बाटल्या आहेत. बऱ्याचशांच्या रिपोर्टवर पाच दिवसांनी नो ग्रोथ येणार. तिला विचारा का, तर ती सांगेल की रक्त आले तेव्हा पेशंटच्या तीन-चार गोळ्या पोटात गेल्या होत्या. गोळ्यांनी रक्तातले मोजके जंतू दबले, रोग मात्र गेला नाही, आणि कोणत्या औषधाने जाईल हे सांगणारा साक्षीदार बाटलीत उरला नाही.

मग काय होते ते तुम्हाला माहीत आहे. विडाल करतात. ही चाचणीही १८९६ चीच, मांडवीत प्लेग निघाला त्याच वर्षाची. ती जंतू दाखवत नाही, शरीराने कधीतरी केलेली प्रतिद्रव्ये दाखवते, ती जुन्या तापाचीही असू शकतात, दुसऱ्या कुणाचीही. पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड, असे आपल्याकडे रोज ठरते आणि रोज चुकते. कोणते औषध लागू पडेल हे तर तिला सांगताच येत नाही. कल्चरही सगळे टायफॉइड पकडत नाही, निम्म्याच्या आसपास सुटतात. पण जे सापडतात त्यांच्याबद्दल ते औषधासकट बोलते.

तेव्हा घरात कुणाचा ताप तीन दिवसांत उतरला नाही तर डॉक्टरांना एवढे विचारा: अँटिबायोटिक सुरू करण्याआधी ब्लड कल्चर घ्यायचे का? पहिल्या आठवड्यात जंतू सापडायची शक्यता सर्वांत जास्त असते. मोठ्या माणसाचे आठ-दहा मिलिलीटर रक्त पुरते, मुलांचे त्याहून कमी. रक्त काढून झाले की डॉक्टर देतील ते औषध त्याच मिनिटाला सुरू करता येते, रिपोर्टसाठी थांबायचे नसते. आणि रिपोर्ट आला की तो डॉक्टरांना परत नेऊन दाखवा, कारण औषध बदलायचे की तेच पुरे करायचे, हे त्यावरूनच ठरते.